शाळेच्या बॅण्डला ड्रम शिकवताना : आधी पॅड, मग ड्रम

जून लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांत १५ ऑगस्टच्या संचलनाचे वेध लागतात. कपाटातून साईड ड्रम, बेस ड्रम, झांजा बाहेर निघतात आणि बॅण्डची जबाबदारी अनेकदा क्रीडाशिक्षकांवर येऊन पडते. कवायत त्यांना चोख येते; पण काठी कशी धरायची, हे त्यांना कुणी शिकवलेलेच नसते. मग दहावीत गेलेला मुलगा आठवीतल्याला शिकवतो, स्वतःच्या चुकांसकट. खरे तर शिकवण्याचे बरेचसे साहित्य आज फुकट किंवा अगदी थोडक्या पैशात मिळते. फक्त ते कोणत्या क्रमाने वापरायचे, हे ठाऊक हवे.

पहिले साहित्य म्हणजे पाय. एनसीसीच्या कवायतीत तेज चालीचा वेग मिनिटाला १२० पावले, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक पाऊल. धीमी चाल ७० पावलांची. मोबाईलवर मेट्रोनोमचे मोफत ॲप घ्यावे, १२० वर लावावे आणि हातात काहीही न देता मुलांना जागच्या जागी पाय मारायला लावावेत. डावा पाय ‘एक’वर पडला पाहिजे, बेस ड्रमचा मुख्य ठोकाही त्याच पायावर येतो. पाय चुकणाऱ्या मुलाच्या गळ्यात ड्रम अडकवला, तर तो एकटा चुकत नाही, मागची अख्खी रांग चुकते.

त्यानंतर तोंड. आपल्याकडे तबला, पखवाज, ताशा सगळे आधी बोलांनीच शिकवले जाते. तीच सवय इथे कामी येते. जो ठेका मुलाला तोंडाने नीट म्हणता येत नाही, तो हातातून येणार नाही, हे गणेशोत्सवातल्या ढोलपथकात वाजवलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

आता पॅड. बाजारात तयार प्रॅक्टिस पॅड मिळतात, पण वर्गातल्या तीस मुलांना ते परवडायचे कसे? फूटभर प्लायवूडच्या तुकड्यावर जाड रबराचा चौकोन चिकटवला की काम भागते. काठी आपटून परत उसळली पाहिजे, एवढीच अट. काठ्यांची जोडी घेताना दोन्हीचे वजन सारखे आहे का ते हातात तोलून पाहावे, आणि टेबलावर घरंगळवून पाहावी. डुगडुगली तर ती वाकडी, दुकानदाराला तिथेच परत करावी. काठी मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची. मूठ आवळली की उसळी मरते आणि मनगट दुखू लागते.

डावी काठी तळहात वर करून धरण्याची एक जुनी पद्धत आहे. पट्ट्याला लटकणारा ड्रम मांडीवर तिरका राहायचा, त्यातून ती आली. ड्रम आडवा, सपाट बसत असेल तर दोन्ही हात सारखे धरणे नवशिक्यांना सोपे जाते. दिसायला रुबाबदार म्हणून जुनी पकड लहान मुलांवर लादण्यात अर्थ नाही.

काय वाजवायचे, याचे उत्तर ‘रुडिमेंट्स’मध्ये आहे. हे ड्रमवादनाचे पाढेच म्हणा ना. अमेरिकेत १९३३ साली ड्रमवादकांच्या संघटनेने १३ मूलभूत प्रकार ठरवले, पुढे त्यांचे २६ झाले. १९८४ मध्ये पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने ४० प्रकारांची यादी केली. तिचा तक्ता संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. चाळीसच्या चाळीस शाळेला लागत नाहीत. एकेरी रोल, दुहेरी रोल, पॅराडिडल आणि फ्लॅम एवढे पक्के झाले तरी संचलनाचे बहुतेक ठेके निघतात.

यातला पॅराडिडल सर्वांत मोलाचा. उजव्याला ‘उ’, डाव्याला ‘डा’ धरले तर तो असा: उ डा उ उ, डा उ डा डा. दर चार ठोक्यांनी पुढचा हात आपोआप बदलतो, त्यामुळे आळशी डाव्या हाताला पळवाट उरत नाही. सुरुवात ६० च्या वेगाने करावी. चूक न होता दोन मिनिटे टिकले तरच वेग पाच-पाचने वाढवावा. ताशाची तर्री काढणाऱ्या मुलांना दुहेरी रोल लवकर सापडतो. अशी दोन-तीन मुले बहुतेक शाळांत असतात, त्यांना हेरून ठेवावे.

शिक्षकाला स्वतःसाठी एकच पुस्तक हवे असेल, तर जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचे १९३५ चे ‘स्टिक कंट्रोल’. त्यात ‘कोणता हात कधी’ याच्या ओळींवर ओळी आहेत. नोटेशन फारसे येत नसले तरी सुरुवातीची पाने वापरता येतात. काठ्या बनवणाऱ्या विक फर्थ कंपनीने सर्व ४० प्रकारांचे व्हिडिओ मोफत ठेवले आहेत. म्युझस्कोर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ठेका लिहून तो संगणकावर ऐकवता येतो. आणि दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात होणारा बीटिंग रिट्रीट मुलांना दाखवावाच. त्यातला ड्रमर्स कॉल पाहिला की काठ्या एका उंचीवरून पडणे म्हणजे काय, ते कळते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावातच असल्याने शहरातल्या मुलांना लष्करी बॅण्ड तसा अनोळखी नाही, पण कान देऊन ऐकणे वेगळे.

कानांवरून एक गोष्ट, जिच्याकडे शाळा हमखास दुर्लक्ष करतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत चालतो, असे अमेरिकेच्या नायॉश संस्थेचे मोजमाप आहे. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. बंद वर्गात सात-आठ साईड ड्रम एकदम वाजले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून ड्रमचा सराव मैदानातच घ्यावा, वर्गात फक्त पॅड. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग निदान रोज वाजवणाऱ्यांना द्यावेत. बेस ड्रमच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या मुलांच्या जागाही अधूनमधून बदलाव्यात.

दहा आठवडे हातात असतील तर पहिले तीन पाय, बोल आणि पॅडला द्यावेत, पुढचे तीन पॅडवरच्या ठेक्यांना. सातव्या आठवड्यात ड्रम गळ्यात, तोही आधी उभ्याने. चालत वाजवणे शेवटच्या तीन आठवड्यांत. या वर्षी शाळेकडे पैसे थोडेच असतील तर नवा ड्रम घेऊ नये. जुन्यांची फाटकी पाने बदलावीत, पट्टे मुलांच्या उंचीला बसतील असे करून घ्यावेत आणि उरलेल्या पैशात काठ्यांच्या जादा जोड्या आणाव्यात. ऐन ऑगस्टमध्ये त्या मोडतातच.