पवनीचा लॅम्डा

रोज कोड लिहिताना मी ‘लॅम्डा’ टाइप करतो. पायथॉनमध्ये छोटं, बिननावाचं फंक्शन लिहायला हा शब्द लागतो. मुळात हे ग्रीक लिपीतलं ‘ल’ अक्षर. १९३०च्या दशकात अलोन्झो चर्च या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने ते फंक्शनसाठी वापरलं, तिथून ते प्रोग्रामिंगमध्ये आलं. त्याआधी फिजिक्सच्या तासाला तेच अक्षर तरंगलांबी म्हणून भेटलं होतं. १९७० साली न्यूयॉर्कमधल्या समलिंगी हक्कांच्या चळवळीने त्याची निशाणी केली.

मोठा लॅम्डा मात्र कौलारू छपरासारखा दिसतो : दोन तिरक्या रेघा, वर टेकलेल्या. स्पार्टाच्या ढालींवर तो असे, कारण त्यांच्या प्रदेशाचं नाव लॅकेडेमॉन.

भंडारा जिल्ह्यातली पवनी माझं आजोळ. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर सुट्ट्यांमध्ये आम्ही खूप हुंदडलो. १९६९-७० साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या उत्खननात तिथे स्तूप सापडला, हे मला फार उशिरा कळलं. गेल्या दिवाळीत तिथल्या शिल्पांचे फोटो पाहत होतो. एका दगडावर मुचलिंद नाग, बुद्धांवर पाऊस पडू नये म्हणून फणा धरणारा. बाजूला ब्राह्मीत त्याचं नाव. आणि त्यात चक्क लॅम्डा!

मला वाटलं, मुचलिंदमधला ‘ल’ असणार. साफ चुकलो. तो ‘नाग’मधला ‘ग’ होता. ब्राह्मीत छपराचा आकार म्हणजे ‘ग’.

गंमत पुढेच आहे. जुन्या अथेन्समध्येही हाच आकार ‘ग’ म्हणून वाचत. इसवी सनपूर्व ४०३ मध्ये अथेन्सने आयोनियन वर्णमाला अधिकृतपणे स्वीकारली आणि तिथे छपराचा ‘ल’ झाला. म्हणजे आकाराला स्वतःचा अर्थ नसतो. वाचणारे तो देतात, आणि वाचणारे संपले की अर्थही जातो.

ब्राह्मीचं तसंच झालं होतं. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपला सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच अक्षरं पुन्हा पुन्हा दिसली. ती ‘दानं’ असावीत हे त्याने ओळखलं आणि लिपी उलगडली. पवनीतही असे दानलेख आहेत. स्तूपासाठी आपल्या कमाईतलं काही देणाऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी ते कोरून घेतले, कुणीतरी वाचावं म्हणूनच.

स्पार्टाची ढाल मी लगेच ओळखली असती. आजोळचा ‘ग’ मात्र तिशीच्या उंबरठ्यावर शिकलो. आता ‘द’ आणि ‘न’ गिरवतोय.