बोरीची मतपेटी आणि खार्टूमची वाट

जिंतूर तालुक्यातल्या बोरीने १९५२ साली पहिल्यांदा सार्वत्रिक मतदान केलं, तेव्हा निजामाची राजवट संपून पुरती चार वर्षंही झाली नव्हती. मतदाराला मतपत्रिका मिळे. तिच्यावर खूण करायची नाही, शिक्का मारायचा नाही. आडोशाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. हव्या त्या पेटीत कागद टाकला की झालं. या पेट्यांचं कूळ मागे शोधता येतं, आणि त्यांचा पुढचा माग थेट सुदानपर्यंत जातो.

गुप्त मतदान ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाने १८५६ मध्ये रुजवलं, ब्रिटनने ते १८७२ मध्ये घेतलं. इतपत सर्वांना ठाऊक आहे. पण तिथला मतदार छापील नावांवर खूण करी, बोरीतला नाही. मग ही पद्धत ऑस्ट्रेलियाच्या नावावर कशी चढवायची? पडदा त्यांचा, पेट्यांची रांग दुसऱ्या कुणाची.

काहीजण तमिळनाडूतल्या उत्तिरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखाकडे बोट दाखवतात. त्यात घडा आहे, नावं लिहिलेली ताडपत्रं आहेत. मात्र ती सोडत होती. घड्यातून एक चिठ्ठी निघे, मतं मोजली जात नसत. हा दावा अभिमानाचा आहे, वंशावळीचा नाही. जवळचं नातं सिलोनशी, म्हणजे आजच्या श्रीलंकेशी लागतं. तिथे १९३१ मध्ये प्रौढ मताधिकार आला आणि निरक्षर मतदारांसाठी उमेदवारांना रंगीत पेट्या मिळाल्या. मद्रास प्रांतानेही रंग वापरले. काँग्रेसची पेटी पिवळी होती. स्वतंत्र भारताने रंगाच्या जागी चिन्ह आणलं, आणि बैलजोडी किंवा झोपडी ओळखायला शाळेत जावं लागत नव्हतं.

उमेदवार जितके तितक्या पेट्या, म्हणून देशभरात वीस लाखांवर लागल्या. मुंबईत विक्रोळीला गोदरेजने त्यांतल्या बारा लाखांहून अधिक बनवल्या, एकेक साधारण पाच रुपयांत. बाहेरचं कुलूप महाग पडत होतं. कारखान्यातले कामगार नथालाल पांचाळ यांनी आतून बंद होणारी रचना सुचवली, असा कंपनीचा इतिहास सांगतो. अर्थात बोरी तेव्हा हैदराबाद राज्यात, आणि हैदराबादच्या ऑलविननेही पेट्या घडवल्या होत्या. म्हणून बोरीत आलेली पेटी विक्रोळीची नसून हैदराबादची असावी, हेच अधिक संभवतं.

पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे या सगळ्याचे सूत्रधार. फेब्रुवारी १९५३ च्या ब्रिटन-इजिप्त करारानंतर सुदानच्या पहिल्या संसदीय निवडणुकीसाठी आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला: तीन सुदानी, आणि इजिप्त, ब्रिटन, अमेरिका व भारत यांचा प्रत्येकी एक. अध्यक्ष सेन. वर्षाअखेर तिथे मतदान झालं आणि १ जानेवारी १९५६ रोजी सुदान स्वतंत्र झाला. कोट्यवधी निरक्षरांची निवडणूक नुकतीच पार पाडलेला माणूस सुदानच्या राजधानीत, खार्टूमला, रिकाम्या हाताने गेला असेल, हे पटत नाही.

लोकशाहीला बाहेरून मदत करण्याचा इतिहास सांगताना पुष्कळदा १९८९ च्या नामिबियातल्या निवडणुकीपासून सुरुवात होते. मग संयुक्त राष्ट्रांचा १९९२ चा निवडणूक-साहाय्य विभाग येतो, स्टॉकहोमची १९९५ ची इंटरनॅशनल आयडिया ही संस्था येते. सेन यांचं नाव त्यात अगदी आरंभी हवं. ते गाळलं की ही विद्या श्रीमंत देशांकडूनच गरीब देशांकडे गेली असं चित्र उभं राहतं, आणि ते खोटं आहे.

या पेट्यांच्या पद्धतीत खोट मात्र होती. कोरा कागद पेटीत न टाकता लपवून बाहेर आणता येई, आणि बाहेर त्याला गिऱ्हाईक मिळे. १९५७ च्या निवडणुकीनंतर भारताने पेट्यांची रांग मोडायला घेतली. १९६२ मध्ये बहुतेक ठिकाणी नावं आणि चिन्हं मतपत्रिकेवरच छापून आली, मतदाराच्या हाती शिक्का आला, आणि सगळ्या उमेदवारांची मतं एकाच पेटीत पडू लागली.