दोन रात्रींचे छत्रपती संभाजीनगर : मुक्काम कुठे, जेवण कुठे?

अजिंठा आणि वेरूळ या लेण्यांचा १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ती पाहण्यासाठी देशोदेशीचे प्रवासी छत्रपती संभाजीनगरात उतरतात, रात्रीपुरते झोपतात आणि सकाळी बाहेर पडतात. २०१० मध्ये ज्या जिल्ह्याला राज्याची पर्यटन राजधानी घोषित करण्यात आले, त्याचे मुख्य शहर बहुतेकांच्या लेखी केवळ पथारी टाकण्याची जागा ठरते. वास्तविक दोन रात्रींचा मुक्काम नीट आखला, तर दोन्ही लेणी पाहून होतात आणि दोन्ही संध्याकाळी जुन्या शहरासाठी मोकळ्या राहतात.

खोली ठरविण्याआधी वार पाहावा. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. सोमवार-मंगळवार अशी जोडून सुटी मिळाली असेल तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा हाच क्रम ठेवावा लागतो. उलट केल्यास दोन्ही दिवस बंद दारातून परतावे लागेल. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटर, तर अजिंठा सुमारे १०० किलोमीटर. दिशाही वेगळ्या. त्यामुळे शहरातच मुक्काम ठेवणे बहुतेकांच्या सोयीचे.

रेल्वेने येणाऱ्यांना स्टेशन रोड बरा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे पर्यटक निवास याच रस्त्यावर असून, सहकुटुंब येणारा मराठी प्रवासी वर्षानुवर्षे येथे उतरत आला आहे. बेताच्या दराच्या खोल्या याच भागात आणि मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास मिळतात. एसटीने लेण्यांना जाणाऱ्यांनी बसस्थानकाजवळची खोली पाहावी; पहाटेची रिक्षा वाचते. मोठी हॉटेले प्रामुख्याने जालना रस्ता आणि चिकलठाणा विमानतळाच्या बाजूस आहेत. रामा इंटरनॅशनल हे त्यांतील जुने नाव. पूर्वीचे ताज रेसिडेन्सी, म्हणजे आताचे विवांता, मात्र सिडकोच्या उत्तर अंगास आहे. खोली कोणतीही असो, एप्रिल-मे महिन्यांत पैसे भरण्यापूर्वी पाण्याची चौकशी करावी. शहराला जायकवाडीचे पाणी मिळते. पण नळाला काही दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव शहराने अनेक वर्षे घेतला आहे, आणि उन्हाळ्यात टँकरवर भिस्त असलेल्या लॉजमध्ये सकाळची आंघोळ बादलीभर पाण्यात उरकावी लागते.

अजिंठ्याची चित्रे निवांत पाहायची असतील, त्यांनी एक रात्र फर्दापूरला काढावी. तेथेही महामंडळाचे निवास आहे. खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात व पुढचे सुमारे चार किलोमीटर ठरावीक बसने जावे लागते. जवळ मुक्काम असल्यास गर्दीआधीची पहिली बस गाठता येते. वेरूळला लेण्यांलगतच हॉटेल कैलास आहे. मात्र घृष्णेश्वर हे ज्योतिर्लिंग तेथेच असल्याने श्रावणात आणि महाशिवरात्रीला ऐनवेळी खोली मिळण्याची आशा धरू नये.

आता जेवणाचे. या शहराचा स्वतःचा पदार्थ म्हणजे नान खलिया. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी दौलताबादला हलविली, तेव्हा लष्कराच्या मुदपाकखान्याबरोबर हा पदार्थ दक्षिणेत उतरला, असे सांगतात. कागदोपत्री पुरावा मागू नये. पण मोठ्या जमावाला एकदम जेवू घालण्याची त्याची रीत पाहिली की ही कथा पटू लागते. खलिया म्हणजे मोठ्या देगेत मंद आचेवर शिजलेले मांस, पातळ रस्सा आणि वर लाल तर्रीचा थर. नान भट्टीतला, जाडसर, वरून पिवळा आणि तुकतुकीत. तो रश्श्यात बुडवूनच खायचा असतो. सिटी चौक, बुढ्ढी लेन, शहागंज या भागांत तो मिळतो. पांढऱ्या चादरीच्या टेबलावर शोधू नये. मागविताना मटणाचा की ‘बडे’चा, म्हणजे म्हशीच्या जातीच्या जनावराचा, हे आधी विचारावे. विचारण्यात कोणी वावगे मानत नाही. रमजानच्या महिन्यात या गल्ल्या दिवसा शांत आणि रात्री गजबजलेल्या असतात.

शाकाहारी माणसाचीही येथे आबाळ होत नाही. बसस्थानकाजवळील भोजची राजस्थानी-गुजराती थाळी प्रवाशांत प्रसिद्ध आहे. परंतु मराठवाड्यात येऊन केवळ गुजराती थाळी खाऊन परतणे प्रस्तुत लेखकास पटत नाही. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि जमल्यास भाजलेल्या धान्य-डाळींच्या पिठाची येसर आमटी मागावी. येसर सर्वत्र मिळत नाही. मिळाली तर दुसरी वाटी घ्यावी. गोडासाठी गुलमंडीवर उत्तम मिठाईची इमरती, आणि रात्री उस्मानपुऱ्यात तारा पान सेंटरचे पान.

हंगामाचा मेवा वेगळाच. पावसाळा सरताना देवगिरी किल्ल्याच्या वाटेवर सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात. डिसेंबर-जानेवारीत शहराबाहेरच्या शेतांवर हुरड्याचा बेत असतो. त्यासाठी आधी फोन करून जागा सांगून ठेवावी लागते.

कसे जाल? मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस सोयीची. दिवसा तपोवन आणि वंदे भारत आहेत. विमानतळ चिकलठाण्याला, शहरालगत. २०२३ मध्ये शहराचे नाव बदलले असले तरी आरक्षणाच्या काही ठिकाणी ‘औरंगाबाद’ हेच नाव दिसते. त्या नावाचे एक शहर बिहारमध्येही आहे, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी राज्याचे नाव पाहावे.