गाडीतला इन्व्हर्टर : तीस अँपिअरची गोष्ट

पुण्याची कसबा पेठ ही शहराची सर्वांत जुनी पेठ. येथल्या तांबट आळीत आजही तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडल्याचा आवाज येतो. गणेशोत्सवाच्या दिवसांत याच पेठेच्या अरुंद गल्ल्यांतून एखाद्या मंडळाचा टेंपो दिव्यांच्या माळा लावून हळूहळू सरकताना दिसतो. जनित्राची घरघर ऐकू येत नसेल, तर हे दिवे कशावर चालतात? आत डोकावले तर एक बॅटरी आणि तिला जोडलेली एक पेटी दिसते. ही पेटी म्हणजे इन्व्हर्टर.

आता पेठेच्या पोटात उतरू. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा पुणे मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला. त्यावर कसबा पेठ हे स्थानक आहे. तेथून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मोटारीही इन्व्हर्टरवरच चालतात. वरच्या टेंपोतली पेटी काही शे वॅटची, खालची काही शे किलोवॅटची. दोघींचे काम मात्र एकच : एकदिश प्रवाहाचे (डी.सी.) रूपांतर प्रत्यावर्ती प्रवाहात (ए.सी.) करणे. हे काम चालत्या गाडीत करणे माणसाला कसे जमले, आणि त्या इतिहासातून आपल्या गाडीसाठी इन्व्हर्टर निवडताना काय शिकता येते, ते पाहू.

आधी आमची एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका खेड्यातल्या शाळेत प्रकाशचित्रांसह व्याख्यान द्यायला गेलो होतो. वीज जाणार हे माहीत होते, म्हणून जीपमध्ये इन्व्हर्टर बसवून घेतला होता. प्रक्षेपक ३०० वॅटचा. जोडणी आम्हीच केली. घरात पाणी तापवण्याच्या हीटरला जी अडीच चौरस मिलिमीटरची तार चालते, तीच बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत वापरली. हीटर दोन हजार वॅटचा, प्रक्षेपक तीनशेचा. मग काळजी कसली? दहा मिनिटांत इन्व्हर्टर पीं-पीं करू लागला, मग बंद पडला. तारेवरचे आवरण मऊ झाले होते आणि जीपमध्ये जळका वास पसरला होता. ‘सर, वायर का तापली?’ असे एका मुलाने विचारले. त्याला तेव्हा आम्ही घाईने काहीतरी उत्तर दिले. खरे उत्तर पुढे येईल.

बॅटरी एकदिश प्रवाह देते. पण विद्युतदाब वाढवायचा तर रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) हवे, आणि फॅरडेने १८३१ मध्ये दाखवल्याप्रमाणे, बदलत्या चुंबकीय क्षेत्राशिवाय दुसऱ्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होत नाही. म्हणजे प्रवाहाची दिशा सारखी उलटसुलट करणारी एखादी युक्ती पाहिजे. पहिली युक्ती सरळ होती : एकदिश प्रवाहावर मोटार फिरवायची आणि तिच्या आसाला प्रत्यावर्ती जनित्र जोडायचे. ही जोडी जड, महाग आणि सतत देखभाल मागणारी होती.

१९३०च्या सुमारास मोटारगाड्यांत रेडिओ येऊ लागले. गाडीची बॅटरी तेव्हा बहुधा सहा व्होल्टची, तर रेडिओतल्या निर्वात नळ्यांना शेकडो व्होल्ट हवेत. यावरचा उपाय शाळेतल्या विजेच्या घंटेसारखा होता. एक पोलादी पट्टी सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा कंप पावे आणि प्रवाहाची दिशा बदलत राही. तो प्रवाह रोहित्रातून वाढवून पुन्हा एकदिश केला जाई. ‘व्हायब्रेटर’ या नावाची ही डबी म्हणजे गाडीत बसलेला छोटा इन्व्हर्टरच. तिचे दुखणे एकच : ठिणग्यांनी पट्टीची टोके झिजत, आणि डबी बदलावी लागे.

खरी अडचण होती ती न झिजणाऱ्या स्विचची. १९२५ मध्ये डेव्हिड प्रिन्स या अमेरिकन अभियंत्याने ‘द इन्व्हर्टर’ याच नावाचा लेख लिहिला. त्यात हलत्या भागांऐवजी नळ्यांच्या साह्याने हे काम करण्याचा विचार होता. योगायोग असा, की त्याच वर्षी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही भारतातली पहिली विजेवरची आगगाडी धावली. ती १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चाले. पुढे हीच पद्धत घाट चढून पुण्यापर्यंत आली आणि १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीला विजेचे इंजिन लाभले.

एकदिश प्रवाहच का? कारण त्यावरची मोटार सुरुवातीलाच जोरदार ओढ देते आणि तिचा वेग आवरणे सोपे असते. प्रत्यावर्ती प्रवाहाची तीन कलांची मोटार अधिक दणकट, तिला ब्रश लागत नाहीत. पण तिचा वेग बदलायचा तर प्रवाहाची वारंवारता बदलावी लागते, आणि ते इंजिनात बसून करणारे सोयीचे साधन तेव्हा नव्हते. म्हणून गाडी सुटताना मोटारीच्या वाटेत रोधक घालून प्रवाह आवरत. त्यातली बरीच वीज नुसती उष्णता होऊन जाई.

स्विचचा प्रश्न अर्धवाहकांनी सोडवला. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि पुढच्या दशकात त्याने मोटारीतल्या रेडिओमधून व्हायब्रेटर हुसकावला. १९५७ मध्ये मोठा प्रवाह हाताळणारा थायरिस्टर आला. १९८०च्या सुमारास, अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या बी. जयंत बालिगा यांनी आयजीबीटी हा स्विच विकसित केला. बालिगा हे चेन्नईच्या आयआयटीचे विद्यार्थी. २०२४ मध्ये त्यांना मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. मोठा प्रवाह आणि मोठा दाब पेलूनही हा स्विच अगदी थोड्या शक्तीने, सेकंदाला हजारो वेळा उघड-बंद करता येतो. भारतात १९९०च्या दशकाच्या मध्यावर तीन कलांच्या मोटारींची, इन्व्हर्टरवाली रेल्वे इंजिने आली, तीही थायरिस्टरच्याच कुळातल्या स्विचांवर चालणारी. मुंबईचा १५०० व्होल्टचा जमाना २०१६ मध्ये हार्बर मार्गावर संपला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. इन्व्हर्टर वीज निर्माण करत नाही. तो फक्त तिचे रूप बदलतो. बाहेर ३०० वॅट हवे असतील, तर आत त्याहून थोडे जास्तच द्यावे लागतात. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ३० अँपिअर प्रवाह येतो. घरातला दोन हजार वॅटचा हीटर २३० व्होल्टवर नऊ अँपिअरहूनही कमी घेतो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. तिला वॅटशी देणेघेणे नाही. इन्व्हर्टर दोन मीटर अंतरावर, म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तार. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या अशा तारेचा रोध सुमारे ०.०२८ ओहम. तीस अँपिअरला तिच्यात ०.८ व्होल्ट आणि २५ वॅट वाया जातात. शिवाय आमच्या जोडण्याही सैल होत्या. तार तापली, इन्व्हर्टरपर्यंत पुरेसे व्होल्ट पोचले नाहीत, म्हणून तो थांबला. तीच तार दहा चौरस मिलिमीटरची घेतली असती, तर नुकसान चौथ्या हिश्श्यावर आले असते.

हेच ३० अँपिअर भुयारात नेऊन पाहू. मेट्रोच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह असतो. तिथे ३० अँपिअर म्हणजे ७५० किलोवॅट! इतकीच शक्ती १५०० व्होल्टवर हवी असती, तर ५०० अँपिअर लागले असते. गाडीतले रोहित्र दाब उतरवते, मग प्रवाह एकदिश होतो आणि इन्व्हर्टर त्याचा हव्या त्या वारंवारतेचा तीन कलांचा प्रवाह करतो. बारीक तार आणि दणकट मोटार या दोन्ही गोष्टी एकत्र जमल्या त्या या पेटीमुळे. आपल्या जीपमध्ये मात्र बारा व्होल्टच आहेत. त्यामुळे तांब्यात काटकसर करून चालत नाही.

यावरून निवडीचे नियम आपोआप निघतात. उपकरणांचे वॅट मोजावेत आणि त्यांना दहाने भागावे. बॅटरीतून येणारे अँपिअर साधारण तितकेच. सिगारेट पेटवण्याच्या खाचेचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो. म्हणून शंभर वॅटच्या वरचे काम तिथे लावू नये, थेट बॅटरीवरून जाड तार आणावी. मोटार असलेली उपकरणे सुरू होताना कित्येक पट प्रवाह ओढतात, त्यासाठी इन्व्हर्टर मोठा घ्यावा. स्वस्त इन्व्हर्टर पायऱ्या-पायऱ्यांची लहर देतो. साध्या दिव्याला ती चालते. पंखा गुणगुणतो, नाजूक उपकरणांना ज्या-लहरीचा (साइन वेव्ह) इन्व्हर्टर बरा. चाळीस अँपिअर-तासांच्या बॅटरीतली निम्मी वीज ३० अँपिअरने पाऊण तासही टिकत नाही. आणि इंजिन सुरू करण्याची बॅटरी वरचेवर इतकी रिकामी केली, तर लवकर निकामी होते.

बसवताना फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच लावावा. तार कुठे घासून गाडीच्या पत्र्याला टेकली, तर आग थांबवणारी तेवढी एकच वस्तू असते. इन्व्हर्टरला वारा लागला पाहिजे. तो बॅटरीच्या डोक्यावर ठेवू नये, कारण भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये. आणि बॅटरी बारा व्होल्टची असली, तरी पेटीच्या दुसऱ्या बाजूला २३० व्होल्ट आहेत. ते घरातल्या विजेइतकेच जीवघेणे.

वर्गात एक प्रयोग करण्यासारखा आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीला गाडीचा २१ वॅटचा दिवा आखूड, जाड तारेने जोडा आणि दिव्याच्या टोकांमधला विद्युतदाब मोजा. मग मध्ये घंटेची बारीक तार, जाऊन-येऊन दहा मीटर, घाला. दाब व्होल्टभर किंवा अधिक उतरलेला दिसेल, दिवाही मंदावेल. हरवलेला व्होल्ट कुठे गेला, हे मुलांना शोधू द्या. खेड्यातल्या त्या मुलाला आम्ही हा प्रयोग तेव्हाच दाखवायला हवा होता. बॅटरी तर आमच्या जीपमध्येच होती.