‘ऑल्ड लँग साइन’ हे निरोपाचे गाणे नव्हे

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलनाच्या अखेरीस बाहेर पडणारी तुकडी ‘ऑल्ड लँग साइन’च्या सुरांवर, संथ पावलांनी ‘अंतिम पग’ टाकते. जपानमध्ये हीच धून शाळेच्या शेवटच्या समारंभात गातात आणि दुकान बंद व्हायची वेळ झाली की वाजवतात. त्यातून एक मत असे पक्के झाले आहे की ते कुणी तपासायलाही जात नाही: स्कॉटलंडचे हे लोकगीत जात्याच विलंबित लयीचे, उदास आणि ताटातुटीचे आहे, करुण रस त्याच्या स्वरांतच आहे. मला हे मत मान्य नाही. ते गीताच्या शब्दांशीही जुळत नाही आणि सुरांशीही.

आधी शब्द पाहू. कवी रॉबर्ट बर्न्सने हे गीत डिसेंबर 1788 मध्ये आपल्या स्नेही मिसेस डनलॉप यांना पत्रातून पाठवले. एका म्हाताऱ्याच्या तोंडून आपण ते उतरवून घेतले, असे त्याने पुढे संपादक जॉर्ज थॉमसनला कळवले. त्यात त्याची स्वतःची भर किती, हा वाद इथे नको. लहानपणी डोंगरउतारांवर फुले वेचणारे, दिवसदिवस ओढ्यात खेळणारे दोन मित्र या गीतात आहेत. मध्यंतरी त्यांच्यामध्ये समुद्र आले, वर्षे गेली. आता ते पुन्हा समोरासमोर बसले आहेत. दोघेही आपापला पेला भरून घेतात आणि एकमेकांचा हात हातात घेतात. कुणी कुणाला सोडून निघालेले नाही.

पूर्वपक्षाकडे यावर एक उत्तर आहे आणि ते दुबळे नाही. समुद्र आड आल्याचे कडवे दुःखाचे नाही तर कशाचे, असे हा पक्ष विचारतो. दुःखाचेच आहे. पण ते सरलेले दुःख आहे, आणि लगेच पुढच्या कडव्यात हात पुढे होतो. विरह सोसून झाल्यावर सांगितला की तो भेटीचा आनंद गडद करतो. त्या एका कडव्यावरून सगळे गीत करुण ठरवणे म्हणजे कथेतला एक प्रसंग उचलून तीच कथा मानणे.

लयीबाबतचा समज तर इतिहासापुढे टिकतच नाही. आज आपण ऐकतो ती चाल बर्न्सच्या हयातीत या शब्दांसह छापलीच गेली नव्हती. तो 1796 च्या जुलैमध्ये गेला. त्याच वर्षी जेम्स जॉन्सनच्या ‘स्कॉट्स म्युझिकल म्युझियम’च्या पाचव्या खंडात गीत आले, ते वेगळ्याच चालीवर. आजची चाल त्याला जोडून 1799 मध्ये छापली ती थॉमसनने. ही चाल मुळात नाचाची. व्हायोलिनवर वाजणारी ‘स्ट्रॅथस्पे’ जातीची ‘द मिलर्स वेडिंग’ ही गत तिच्या अगदी जवळची आहे. विल्यम शील्डने 1782 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनसाठी केलेल्या ‘रोझिना’ या ऑपेराच्या प्रारंभीच्या वाद्यसंगीतातही हे सूर येतात. स्ट्रॅथस्पे हा चार मात्रांचा नाच, स्पे नदीच्या खोऱ्याचे नाव लावणारा. आखूड-लांब स्वरांच्या जोड्या आणि ठोक्यावर बसणारा खटका ही त्याची ओळख. रील या दुसऱ्या स्कॉटिश नाचापेक्षा तो सावकाश असतो हे खरे, पण त्याच्या चालीत डौल असतो, मरगळ नसते. लय फार उतरवली की खटका बोथट होतो, स्वर एकमेकांत ओघळतात आणि ऐकणाऱ्याला वाटते, किती उदास गाणे आहे! हा परिणाम गाणाऱ्यांनी आणला. मोठा जमाव गाऊ लागला की लय खाली येतेच. त्यात 1940 च्या ‘वॉटर्लू ब्रिज’ चित्रपटाने हीच धून मेणबत्त्यांच्या उजेडातल्या वॉल्ट्झमध्ये, म्हणजे तीन मात्रांत, वाजवली आणि विरहाचा शिक्का आणखी गडद केला.

आता स्वर. ही चाल पाच स्वरांची आहे: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य, बाकीचे सारे शुद्ध. आपल्या कानाला हे भूपाचे स्वर. एवढ्यावरून कुणी याला भूप राग म्हणू नये, कारण चलन वेगळे आहे. पण या स्वरसमूहात अंगभूत करुणा आहे, असे म्हणणाऱ्याने भूप ऐकून मग बोलावे. पहिली ओळ षड्जावर न येता धैवतावर थांबते. तिथे एक ओढ जाणवते. तिलाच लोक दुःख समजतात. दुसरी ओळ ती ओढ षड्जावर आणून सोडवते. कोरियाचे ‘एगुक्गा’ 1948 पर्यंत आणि मालदीवचे राष्ट्रगीत 1972 पर्यंत याच चालीवर गायले जाई. शोकाची म्हणून कुणी चाल राष्ट्रगीताला निवडत नाही.

पट्टीचाही उगाच बाऊ केला जातो. छापील प्रतींत हे गाणे बहुधा एफ मेजरमध्ये सापडते, म्हणून ‘त्याची पट्टी एफ’ असे शिकवतात. लोकगीताला स्वतःची पट्टी नसते. गाणारा आपल्या गळ्याचा षड्ज धरतो, काळी एक असो वा पांढरी चार. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावे लागू नये.

मात्र यावरून उलट टोकाला जाणेही चूक आहे. मूळ चाल नाचाची, म्हणून गाणे नाचाच्याच लयीत हवे, हा हट्ट मला पटत नाही. जॉन्सनच्या ग्रंथातली जुनी चाल बर्न्सला सामान्य वाटत होती, तसे त्याने थॉमसनला लिहिलेही. तरी आजचे स्कॉटिश गायक डगी मॅक्लीन किंवा मायरी कॅम्पबेल ती शांतपणे गातात तेव्हा शब्द फुलतात. शांत गाणे आणि रडवे गाणे यांत फरक आहे. लय गायकाने ठरवावी, पण ती जुन्या सोबत्याला भेटल्याच्या भावातून यावी. हा भाव रवींद्रनाथ ठाकुरांनी नेमका ओळखला होता. याच चालीवरच्या ‘पुरानो सेई दिनेर कथा’त ते जुन्या मित्राला पुन्हा जवळ बोलावतात.

म्हणून संगीतशिक्षकांना आणि वाद्यवृंद बसवणाऱ्यांना माझी विनंती आहे. हे गाणे मध्य लयीत, खटका राखून, शब्द समजून बसवा. आणि ते निरोप समारंभापुरते न ठेवता माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आवर्जून गाऊन घ्या. त्याची खरी जागा तिथे आहे.