वजन घटवणारी इंजेक्शने : पहिला डोस घेण्यापूर्वी काय जाणून घ्यावे?

नवी दिल्ली : मूळ मधुमेहासाठी विकसित झालेली आणि आता लठ्ठपणावरही दिली जाणारी साप्ताहिक इंजेक्शने भारतात झपाट्याने परिचित होत आहेत. एली लिली कंपनीचे टिर्झेपॅटाइड (मौंजारो) मार्च २०२५ मध्ये, तर नोव्हो नॉर्डिस्कचे सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) जून २०२५ मध्ये देशात उपलब्ध झाले. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली आणि स्वस्त भारतीय पर्यायांचा मार्ग मोकळा झाला. किमतीचा अडसर कमी होत असल्याने, हे औषध कोणी आणि किती काळ घ्यावे हा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा ठरतो. लग्नकार्यापूर्वी दोन-तीन महिने घेऊन सोडून देण्याचा हा ‘कोर्स’ नव्हे. हा दीर्घकालीन आजारावरील दीर्घकालीन उपचार आहे.

औषधाचे कार्य

जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन तयार करण्यास प्रवृत्त करते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि पोट भरल्याचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचवते. शरीरातील हे संप्रेरक काही मिनिटांतच नष्ट होते. औषधातील रेणू मात्र त्याचे अनुकरण करत दीर्घकाळ टिकतो. त्यामुळे आठवड्यातून एकच इंजेक्शन पुरते. टिर्झेपॅटाइड हे जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही कार्य करते. या औषधांमुळे चरबी थेट ‘वितळत’ नाही. भूक मंदावल्याने आहार घटतो आणि त्यातून वजन उतरते.

परिणाम किती?

मधुमेह नसलेल्या, परंतु लठ्ठपणा किंवा अतिरिक्त वजन असलेल्या १,९६१ प्रौढांच्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के घटले. औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांत ही घट २.४ टक्के होती. टिर्झेपॅटाइडच्या ७२ आठवड्यांच्या चाचणीत सर्वाधिक मात्रेवर सरासरी घट २०.९ टक्के आढळली. दोन्ही चाचण्यांत सहभागींना आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शनही दिले जात होते. मधुमेह असलेल्यांमध्ये घट तुलनेने कमी असते.

लाभ केवळ काट्यापुरता नाही. हृदयविकार असलेल्या, वजन जास्त असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ जणांच्या चाचणीत सेमाग्लुटाइडमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगामुळे होणारा मृत्यू यांचा एकत्रित धोका २० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

औषध थांबवल्यास

सेमाग्लुटाइडच्या वरील चाचणीतील काही सहभागींची पुढे वर्षभर पाहणी करण्यात आली. औषध आणि मार्गदर्शन दोन्ही थांबल्यावर घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. म्हणजे ९० किलोच्या व्यक्तीचे १३ किलो वजन उतरले असेल, तर वर्षभरात त्यातील आठ-नऊ किलो परतण्याची शक्यता असते. रक्तदाब उतरल्याने गोळी बंद केली की रक्तदाब पुन्हा वाढतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून खर्चाचा हिशेब महिन्यांचा नव्हे, वर्षांचा करावा लागतो. मार्च २०२५ मध्ये मौंजारोच्या २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती. चार आठवड्यांचा खर्च १४,००० रुपये.

कोणासाठी?

या औषधांचा वापर सर्वसाधारणपणे बॉडी मास इंडेक्स ३० किंवा अधिक असल्यास, अथवा २७ किंवा अधिक असून सोबत मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखा आजार असल्यास केला जातो. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी हे अनुक्रमे सुमारे ८२ आणि ७३.५ किलो होतात. भारतीयांमध्ये कमी वजनावरही पोटाभोवती चरबी साठण्याचे प्रमाण मोठे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात ३९.५ टक्के प्रौढांमध्ये पोटाचा लठ्ठपणा आढळला. त्यामुळे निर्णय केवळ काट्यावर न घेता कंबरेचा घेर, रक्तातील साखर आणि यकृताची स्थितीही तपासली जाते. चार-पाच किलो जास्त वजन असलेल्या निरोगी व्यक्तीसाठी ही औषधे नाहीत.

मात्रा आणि दुष्परिणाम

सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून चार-चार आठवड्यांच्या टप्प्यांनी २.४ मिलिग्रॅमपर्यंत, तर टिर्झेपॅटाइड २.५ पासून कमाल १५ मिलिग्रॅमपर्यंत वाढवले जाते. लवकर गुण यावा म्हणून टप्पा गाळल्यास त्रास वाढतो. मळमळ, उलटी, जुलाब आणि बद्धकोष्ठता हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. पित्ताशयात खडे होणे आणि स्वादुपिंडाला सूज येणे हे दुर्मीळ, पण गंभीर धोके आहेत. पोटात असह्य वेदना होऊन ती पाठीकडे जात असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

स्वतःला किंवा कुटुंबात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झालेला असल्यास ही औषधे देत नाहीत. गर्भावस्थेतही ती वर्ज्य आहेत. गर्भधारणेचा विचार असल्यास सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. टिर्झेपॅटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होऊ शकतो. इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर अचानक उतरू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला या औषधाची कल्पना देणे आवश्यक आहे.

घटलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो. डाळी, दूध, अंडी, मासे यांतून पुरेशी प्रथिने आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्यासारखा व्यायाम नसेल, तर विशेषतः ज्येष्ठांना अशक्तपणा जाणवतो.

खरेदी करताना

ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबाबत इशारा दिला होता. त्यामुळे परवानाधारक दुकानातूनच, बिलासह आणि शीतपेटीतून आलेले औषध घ्यावे. न वापरलेले इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे. ते गोठल्यास वापरू नये.

पहिल्या इंजेक्शनपूर्वी डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारावेत : मला याची वैद्यकीय गरज आहे का, आणि हे औषध किती काळ घ्यावे लागेल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर परवडणारे नसेल, तर उपचाराचा मार्ग सुरुवातीलाच नव्याने ठरवणे हिताचे.