घरगुती विद्युतीकरण, शासकीय अनुदान आणि परवानाधारक विद्युत ठेकेदार : मूर्तिजापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा :
स्वातंत्र्योत्तर काळात घराघरांत वीज पोहोचविण्यासाठी शासनाने वेळोवेळी अनुदाने दिली. या अनुदानांचा भर जोडण्यांच्या संख्येवर राहिला. घरातील जोडणी कोणाच्या हातून व्हावी याबाबत कायदा स्पष्ट असूनही तो पुष्कळदा कागदावरच राहिला. प्रस्तुत शोधनिबंधात अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुका व वऱ्हाडचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून अनुदान आणि कौशल्य यांच्यातील या अंतराचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

बीजसंज्ञा : घरगुती विद्युतीकरण, अनुदान, विद्युत ठेकेदार, तारतंत्री, भूसंयोजन, सौर छत योजना.

प्रस्तावना :
मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील जंक्शन. येथूनच एका बाजूस यवतमाळ व दुसऱ्या बाजूस अचलपूर या दिशांना नॅरोगेज मार्ग गेले. 'शकुंतला' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रेल्वेचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये बदलून तेथे डिझेल इंजिन आले. कापसाच्या या मुलखात जिनिंग-प्रेसिंगचे कारखानेही प्रथम वाफेवरच चालले. घरात मात्र दीर्घकाळ कंदील, चिमणी आणि उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या हीच साधने होती. ऊर्जेचे साधन बदलताना कारखान्याला व रेल्वेला प्रशिक्षित माणूस लागतो, हे सर्वांनी मान्य केले होते. घरालाही तो लागतो, ही जाणीव मात्र फार उशिरा झाली. ही उशिरा झालेली जाणीव हाच या लेखाचा विषय आहे.

उद्दिष्टे :
१) वऱ्हाडातील घरगुती विद्युतीकरणाचे टप्पे समजून घेणे.
२) अनुदान योजनांच्या स्वरूपाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे.
३) परवानाधारक ठेकेदाराविषयीच्या कायदेशीर तरतुदी व प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर तपासणे.

विद्युतीकरणाची पार्श्वभूमी :
वऱ्हाड १९०३ मध्ये प्रशासकीय दृष्ट्या मध्य प्रांताला जोडला गेला. पुढे १९५० मध्ये मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र असा त्याचा प्रवास झाला. आरंभीच्या काळात वीजपुरवठा हा शहरांतील खाजगी कंपन्यांचा व्यवसाय होता. अमरावती व अकोला येथे अशा कंपन्या कार्यरत होत्या. नफ्याच्या हिशेबाने चालणाऱ्या या व्यवस्थेत खेड्यांना स्थान मिळणे अवघड होते. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९६१ मध्ये अकोला जिल्ह्यातीलच पारस येथे ३० मेगावॅटचा औष्णिक संच सुरू झाला. १९६७ मध्ये तेथे ६२.५ मेगावॅटच्या दुसऱ्या संचाची भर पडली. वीज आता जिल्ह्यातच तयार होऊ लागली होती; प्रश्न उरला होता तो ती घरात नेण्याचा.

अनुदानाचे स्वरूप :
१९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगमाची स्थापना झाली व खेड्यांसाठी भांडवल उपलब्ध होऊ लागले. परंतु त्या काळी 'विद्युतीकृत गाव' या संज्ञेचा अर्थ अत्यंत मर्यादित होता. गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकृत ठरे. शिवारातील एका विहिरीवर मोटार बसली तरी संपूर्ण गावाची नोंद होत असे. ही व्याख्या १९९७ मध्ये बदलण्यात आली आणि वस्तीतील वापर हा निकष आला. २००४ पासून किमान १० टक्के घरांना वीज मिळणे आवश्यक ठरले.

घर हा घटक धोरणात आला तो १९८८-८९ च्या कुटीर ज्योती कार्यक्रमाने. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास एका दिव्याची जोडणी देण्याची ही योजना होती. २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली. त्यात केंद्राने भांडवली खर्चाच्या ९० टक्के अनुदान दिले व दारिद्र्यरेषेखालील घरांना मोफत जोडणीची सोय केली. सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या सौभाग्य योजनेत इतर कुटुंबांनाही ५०० रुपये, तेही दहा हप्त्यांत भरून जोडणी घेता येऊ लागली.

या योजनांचे महत्त्व निर्विवाद आहे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चिमणीच्या उजेडात अभ्यास झाला, तेथे दिवा लागला ही लहान गोष्ट नव्हे. तथापि कुटीर ज्योतीपासून सौभाग्यपर्यंत अनुदानाची सीमा मीटर आणि एका दिव्याच्या जोडणीपाशी थांबली. त्यानंतर घरात जे वाढत गेले, म्हणजे पंखा, दूरदर्शन संच, कूलर, पाण्याची मोटार, त्याची जोडणी कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे केली. विजेचा धोका मात्र याच वाढीव जोडणीत सर्वाधिक होता.

कायदा आणि व्यवहार :
भारतीय वीज नियम, १९५६ मधील नियम ४५ या संदर्भात मूलभूत आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांसारख्या किरकोळ बदलांखेरीज ग्राहकाच्या जागेतील विद्युत संच मांडणीचे कोणतेही काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच करावे, ते सक्षमता प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली व्हावे आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडेही परवाना असावा, अशी ही तिहेरी व्यवस्था होती. वीज अधिनियम, २००३ नंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० व २०२३ मध्ये केलेल्या सुरक्षाविषयक विनियमांतही हे तत्त्व कायम राहिले.

नव्या जोडणीच्या अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडण्याची प्रथा याच तत्त्वातून आली. या अहवालामागे तारांच्या विद्युतरोधाची व भूसंयोजनाची प्रत्यक्ष तपासणी अभिप्रेत होती. व्यवहारात मात्र अनेकदा परवाना एकाचा आणि हात दुसऱ्याचा, अशी स्थिती निर्माण झाली. गावातील हुन्नरी तरुण तारा ओढी आणि अहवालावर स्वाक्षरी न पाहिलेल्या घराविषयी होई. यात त्या तरुणाला दोष देऊन भागणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री व तारतंत्री तयार होत होते. परंतु त्यांच्या कौशल्याची किंमत ग्राहकाने का मोजावी, हे ग्राहकाला कोणी सांगितले नव्हते. अनुदानानेही त्यासाठी वेगळी तरतूद केली नव्हती.

स्थानिक परिस्थितीचे महत्त्व :
पात्र कारागिराची गरज वऱ्हाडात का अधिक भासते, हे येथील मातीवरून व हवामानावरून स्पष्ट होते. मूर्तिजापूर परिसरातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. माती कोरडी पडली की तिचा विद्युतरोध वाढतो आणि पावसाळ्यात योग्य वाटलेले भूसंयोजन नेमके मे महिन्यात निकामी ठरू शकते. म्हणूनच कोळसा-मिठाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची पद्धत आहे. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात प्रश्न वेगळा आहे. क्षारयुक्त ओल्या मातीतून वीज सहज वाहते. पण तीच माती लोखंडी नळी लवकर खाऊन टाकते.

याच मे महिन्यात घरोघरी लोखंडी पत्र्याचा कूलर सुरू होतो. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र आणणारे हे साधन भूसंयोजनाविना अत्यंत धोकादायक आहे. धाब्याच्या जुन्या घरात, लाकडी पट्टीवरून गेलेल्या जीर्ण तारांवर वातानुकूलन यंत्राचा भार टाकला तर आगीचा धोका संभवतो. म्हणजे या भागात कुशल ठेकेदार हा सोयीचा नव्हे, तर जीविताचा प्रश्न ठरतो.

नवा टप्पा : सौर छत आणि जागतिक अनुभव :
फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद तिच्यात होती. पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये आणि कमाल ७८,००० रुपये असे अनुदान ठरले. ऐतिहासिक दृष्टीने लक्षणीय बाब म्हणजे येथे अनुदान व कारागीर यांची सांगड घातली गेली. काम नोंदणीकृत पुरवठादाराकडून करून घ्यावे, वीज वितरण कंपनीची तपासणी व नेट मीटर व्हावे आणि त्यानंतरच रक्कम ग्राहकाच्या खात्यात यावी, असा क्रम ठरला.

परदेशातही हाच विचार दिसतो. थंड देशांत घर तापविण्यासाठी गॅसच्या बॉयलरऐवजी हीट पंप बसवावेत म्हणून अनुदान दिले जाते. बाहेरच्या हवेतील उष्णता घरात आणणारे हे यंत्र वातानुकूलन यंत्राच्याच तत्त्वावर, पण उलट दिशेने चालते. ब्रिटनने मे २०२२ मध्ये यासाठी ५,००० पौंडांचे अनुदान सुरू केले व ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ७,५०० पौंड केले. ते मिळविण्यासाठी अर्ज घरमालक नव्हे, तर प्रमाणित कारागीर संस्थाच करते. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने हीट पंपावर २,००० डॉलरपर्यंत करसवलत दिली. २०२५ च्या कायद्याने ती त्या वर्षअखेर संपविली. सवलत येते आणि जाते. भिंतीतील तार मात्र पुढील अनेक वर्षे घरातच राहते.

तरीही नोंदणी म्हणजे कौशल्य नव्हे. सौर पट्ट्यांतून येणारा एकदिश प्रवाह घरातील नेहमीच्या प्रवाहापेक्षा वेगळा असतो. त्यात ठिणगी पेटली तर ती सहज विझत नाही. त्यासाठी बटणे, तारा व भूसंयोजन वेगळे लागते. पुरवठादाराने हे काम अप्रशिक्षित हातांकडे सोपविले, तर चाचणी अहवालाचा जुना इतिहास छतावर पुन्हा घडेल.

निष्कर्ष :
१) घरगुती विद्युतीकरणाच्या अनुदानांनी दीर्घकाळ जोडण्यांची संख्या मोजली, जोडणीची गुणवत्ता मोजली नाही.
२) १९५६ च्या नियमांनी पात्र कारागिराची स्पष्ट व्याख्या केली होती. उणीव कायद्याची नव्हती, तर अंमलबजावणीची व ग्राहकजागृतीची होती.
३) सूर्यघर योजनेने अनुदान व नोंदणीकृत पुरवठादार यांना जोडून योग्य दिशा घेतली. तथापि परवान्याची मुदत, प्रत्यक्ष काम करणाऱ्याचा परवाना, लेखी अंदाजपत्रक, भूसंयोजनाची मोजणी आणि पाच वर्षांच्या देखभालीची हमी या बाबी ग्राहकाने स्वतः पडताळून घेणे आवश्यक आहे.
४) भूसंयोजनाची मोजणी वऱ्हाडात पावसाळ्यात नव्हे, तर उन्हाळ्यात होणे इष्ट आहे.

समारोप :
कंदिलापासून सौर पट्टीपर्यंतचा मूर्तिजापूर परिसराचा प्रवास प्रगतीचा आहे, यात शंका नाही. शासनाने प्रत्येक टप्प्यावर घराला वीज दिली. ती वीज सुरक्षित हातांनी घरात यावी ही जबाबदारी मात्र बहुतांशी घरावरच सोडली. ज्या घराकडे ठेकेदार पारखण्याची माहिती नाही आणि त्याचा मोबदला देण्याची ऐपतही नाही, त्याच घरासाठी अनुदान असते. म्हणून पात्र कारागिराचा मोबदला व स्वतंत्र तपासणी हा अनुदानाचाच भाग मानला गेला पाहिजे.